कुठला गुडघा?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी खो-खोच्या मैदानावर गेले होते. हल्ली तेवढा एकच दिवस जमतं. बाकीचे सहा दिवस पतसंस्थेचा काउंटर आणि वसुलीचे फोन. पोरींची पळती चालली होती. त्यांतली एक, अकरावीतली, डाव्या गुडघ्याला निळी पट्टी बांधून खांबाला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसून बूट बांधत होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण कॉलेजला असताना वर्षभर बाहेर होता ना? सर सांगत होते. काय झालं होतं?" मी नाडीची गाठ मारता मारता म्हणाले, "गुडघा." "लिगामेंट?" "हं." "कुठला?" मी क्षणभर अडकले. मग म्हणाले, "उजवा."

तिने माझ्या उजव्या गुडघ्याकडे आदराने पाहिलं.

गाडीवरून घरी येताना ते 'उजवा' डोक्यात घोळत राहिलं. माझा उजवा गुडघा ठणठणीत आहे. डावाही आहे. दोन्हींवर सोललेल्या कातडीचे पांढरट डाग आहेत, खो-खो खेळलेल्या कुठल्याही बाईच्या गुडघ्यावर असतात तसे, पण लिगामेंट वगैरे काही नाही. मला वर्षभर बाहेर बसवलं ते मोठ्या आतड्याने. हे नातेवाइकांना न सांगणं मी समजू शकते. ऑफिसात न सांगणंही. पण मैदानावर, त्या पोरीला? तिला काय फरक पडणार होता? सात वर्षं झाली या गोष्टीला, तरी तोंडातून पहिला शब्द 'गुडघा' निघाला, आणि तोही इतका सहज, की माझी मीच दचकले.

२०१८चा पावसाळा. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, सांगलीत वसतिगृहात. घर तासगावकडच्या एका गावात, दोन एकर द्राक्षबाग. सकाळी साडेपाचला मैदान, मग तासिका, संध्याकाळी परत मैदान. पोट बिघडलं तेव्हा आधी मेसच्या उसळीवर खापर फुटलं, मग टाकीच्या पाण्यावर. दिवसातून चारदा, मग सहादा, मग मोजणं सोडून दिलं. रक्त दिसलं तेव्हा वाटलं पाळी आली असेल. ती नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी 'आव आहे' म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव आली, बाकी काही झालं नाही. पुढच्या खेपेला 'मूळव्याध असेल' झालं. चुलतीने कुड्याची साल उकळून पाजली, मावशीने बेलाचा मुरंबा पाठवला, कुणी डाळिंबाची साल ताकातून घ्यायला सांगितली. तीन महिने असे गेले. आमच्याकडे द्राक्षाच्या पानावर डाऊनी रोगाचा एक ठिपका दिसला तर आप्पा रात्री बॅटरी घेऊन बागेत जातात आणि सकाळच्या आत फवारणी होते. पोरीच्या पोटाला तीन महिने. आप्पांना दोष देत नाही. ठिपका दिसतो, आणि मी तर दिसू न देण्याच्या कामात तरबेज झाले होते.

मैदानावर मात्र ते लपेना. पूर्वी सहा फेऱ्या मारून गप्पा मारत यायचे, आता दुसऱ्या फेरीला छाती भरून यायची. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "घरचे स्थळं बघायला लागलेत काय गं? लक्ष नाही तुझं." सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना पोट आवळून धरलं होतं.

खो-खो खेळलेल्यांना हे सांगायला नको, पण चौकोनात बसायची जी रीत आहे ती आतड्याच्या आजाराला मुद्दाम त्रास द्यायला शोधून काढल्यासारखी आहे. उकिडवं, पुढे झुकून, हात जमिनीला टेकलेले, टाचा उचललेल्या, मांड्या पोटावर दाबलेल्या. घरी शौचाला बसतो त्याहून फार वेगळं नाही. त्या अवस्थेत नऊ मिनिटं, कान मागे लावून, की कधी पाठीवर थाप पडते आणि 'खो' ऐकू येतो. थाप पडली की उठायचं, विचार करायचा नाही, मागे वळायचं नाही. माझ्या आतही तेव्हा अगदी असंच कुणीतरी बसलेलं होतं. कधी 'खो' देईल नेम नाही, आणि दिला की दहाव्या सेकंदाला संडासाचं दार गाठायला हवं. बाहेरचा 'खो' आणि आतला 'खो' एकदम आले तर कुठला पाळायचा, या एका भीतीनेच माझं बसणं बिघडलं. थाप पडायच्या आधी उठायला लागले. दोन सामन्यांत पंचांनी अवैध दिला.

शेवटी एका सकाळी खांबाला वळसा घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच बसले. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. आमच्या वयाच्या मुलीला बारा तरी हवं. मग मिरज.

मिरजेच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा 'कोलोनोस्कोपी' हा शब्द ऐकला आणि आईने दोन-तीनदा म्हणून पाहिला, नाव पाठ करतात तसा. आदल्या संध्याकाळी दोन लिटर खारट-आंबट पाणी प्यायचं होतं. पिऊन झाल्यावर काय होतं ते लिहीत नाही. ज्यांनी प्यायलंय त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी सुखात राहावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवले. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. माझ्या आतड्याचा वरचा भाग गुलाबी, चकचकीत, खाली बारीक शिरांची नक्षी. आणि त्याखाली, एका जागेपासून पुढे, नक्षीच गायब. लाल, ओलं, जागोजागी ठिपकलेलं. आईने पदर तोंडाला लावला. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. मुरमाड मैदानावर सूर मारला की गुडघ्याची कातडी सोलते, आणि धुतल्यावर पहिली दोन मिनिटं ती जागा जशी दिसते, थेट तसं. मी ते बोलूनही दाखवलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "बरोबर आहे. फक्त गुडघ्याला खपली धरते, इथं दिवसातून दहा वेळा घासलं जातंय."

अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची राखणदार फौज आपल्याच आतड्याच्या अस्तरावर चालून जाते. का, ते नेमकं सांगता येत नाही. तुम्ही काही खाल्लं म्हणून नाही, न खाल्लं म्हणूनही नाही. आईने एकच प्रश्न विचारला, "बरं होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "शांत होईल." आईने परत विचारलं, "म्हणजे बरं होईल ना?" ते परत म्हणाले, "शांत होईल. झोपेल. गोळ्या चालू ठेवल्या तर झोपून राहील." परतीच्या एसटीत आई बराच वेळ गप्प होती. तासगाव आल्यावर म्हणाली, "कुणी विचारलं तर गुडघ्याला मार लागलाय म्हणायचं."

तर तो गुडघा आईचा.

तिचा हिशेब सरळ होता. मी एकोणीस वर्षांची. दोन-तीन वर्षांत स्थळं येणार. पोटाचं, त्यातही त्या जागेचं, त्यातही कायमचं दुखणं असलेली पोरगी कोण करून घेणार? गुडघा बरा. गुडघा खेळात दुखावतो, शस्त्रक्रिया करून नीट होतो, आणि साडीखाली दिसत नाही. आईने तो गुडघा गावात इतक्या मन लावून पोसला, की आठवड्याभरात लोक घरी बघायला यायला लागले. शेजारची म्हातारी एका बाटलीत कसलंसं हिरवट तेल घेऊन आली, "लाव बाय, सांधा मोकळा हुतोय," म्हणून स्वतः माझा पाय मांडीवर घेऊन बसली. मला मिनिटभर आठवेना, की आईने तिला डावा सांगितलाय की उजवा. आईने चुलीपाशी बसल्या बसल्या उजव्या हाताने पदर सारखा केला, तेव्हा कळलं. त्या म्हातारीने चांगला पंधरा मिनिटं धडधाकट गुडघा चोळला. मला त्या अवस्थेत हसू आवरेना आणि हसलं की पोटात कळ यायची. गाव सोडून जाईपर्यंत मी लंगडायचं लक्षात ठेवत होते. दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी अंगणात.

आईवर राग होता का? होता. अजूनही मधून मधून येतो. पण खरं सांगायचं तर मला तो गुडघा आवडलाही होता. त्याला एक मान होता. मैदानावर दुखापतीची एक उतरंड असते, कुणी सांगत नाही पण सगळ्यांना माहीत असते. खांदा निखळणं वर, लिगामेंट त्याच्याही वर, घोटा मधे. पाळीचंही आम्ही पोरींनी आपापसात बोलून टाकलं होतं. 'आज माझी आहे, सूर नको' एवढं म्हटलं तर कॅप्टन जागा बदलून द्यायची. सरांनाही ते कळायचं, ते फक्त दुसरीकडे बघायचे. पण 'मला संडासला जायचंय, आत्ता, आणि मी दाबून धरू शकत नाही' हे म्हणायला आमच्याकडे शब्दच नव्हता. जे शब्द होते ते सगळे शाळेतल्या चिडवाचिडवीतले.

मग स्टिरॉइड. सकाळी नाश्ता करून ४० मिलिग्रॅम, आणि दर आठवड्याला पाच-पाचने कमी करत आणायचं. दहा दिवसांत रक्त थांबलं. मला वाटलं जादू आहे. पंधरा दिवसांत आरशात दुसरीच पोरगी दिसायला लागली. गाल फुगून डोळे बारीक, कपाळावर पुटकुळ्या, आणि भूक अशी की मऊ भात आणि मुगाचं वरण वाटीवाटीने संपायचं तरी हात ताटातच. वसतिगृहातल्या पोरी म्हणाल्या, गुडघ्याला आराम दिला की अंग सुटतंच. सरांना मात्र मी एव्हाना 'पोटाचं आहे, औषध चालू आहे' इतकं सांगितलं होतं. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. मैदानावर 'स्टिरॉइड' या शब्दाचा एकच अर्थ असतो. मला त्यांना समजावावं लागलं, की दंड फुगवायचं ते वेगळं, ते कधीच चालत नाही. हे सूज उतरवायचं. पण गंमत अशी, की 'वाडा' म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था, तिच्या बंदीच्या यादीत हेही आहे. तोंडातून घेतलेलं असेल तर स्पर्धेच्या काळात चालत नाही. आधी कागदपत्रं देऊन उपचारासाठीची सूट घ्यावी लागते. आमच्या पातळीवर कोण तपासायला येणार होतं देव जाणे, पण सर कागदाला कागद लावणारे माणूस. म्हणाले, "ही गोळी बंद होईल तेव्हाच तुझं नाव यादीत." आणि त्यांच्या पेटीतल्या दुखण्याच्या गोळ्याही बंद. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, म्हणजे ज्यांच्यावर आमचा अर्धा संघ चालायचा त्या, झोपलेलं आतडं परत उठवू शकतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे खरोखर गुडघा दुखावला असता तरी मला साधी गोळी घेता आली नसती.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते. रात्री तीनला खोलीतल्या बाकी दोघी घोरत असायच्या आणि मी डाव्या कुशीवर, कारण औषधाचा एनिमा घेऊन डाव्या कुशीवर पडून राहायचं असतं, पांघरुणात फोन धरून. आजाराचं नाव टाकून पुढे 'खेळाडू' असं शोधायचे. तिथे मला स्टीव्ह रेडग्रेव्ह भेटला. इंग्लंडचा वल्हवणारा, १९८४ ते २००० अशा सलग पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. १९९२मध्ये त्याला हाच आजार निघाला, म्हणजे पुढची सगळी पदकं या आतड्यासकट. कॅथलीन बेकर भेटली, अमेरिकेची पोहणारी, तिला याचाच चुलतभाऊ, क्रोन्स. बर्कलीला कॉलेजात शिकत असताना तिने रिओमध्ये शंभर मीटर बॅकस्ट्रोकचं रौप्य मिळवलं. हे वाचून उभारी यायला हवी होती. मला आधी वाटलं, हिच्या तलावाच्या शेजारी स्वच्छतागृह किती पावलांवर असेल?

सगळ्यांत जास्त वाचला तो डॅरेन फ्लेचर. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू. २०११मध्ये तो मधेच संघातून दिसेनासा झाला, तेव्हा सांगण्यात आलं की विषाणूचा संसर्ग आहे. तो विषाणू महिनोन्‌महिने चालला. त्या वर्षीच्या डिसेंबरात खरं नाव जाहीर झालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि डिसेंबर २०१३मध्ये तो पुन्हा मैदानावर उतरला, नंतर दुसऱ्या क्लबचा कप्तानही झाला. त्याच्या पुनरागमनाचं मला तितकं कौतुक वाटलं नाही. मला त्या विषाणूचं वाटलं. एवढा मोठा क्लब, एवढे डॉक्टर, एवढे पैसे, आणि त्यांच्याकडेही एक गुडघा होताच.

जून २०१९ला मी परत मैदानावर आले. गोळ्या फक्त मेसालामाइनच्या उरल्या होत्या, लांबुळक्या, गिळताना मान वर करावी लागेल एवढ्या. शिरेतून लोह दिलं होतं, चहाच्या काढ्यासारखं तपकिरी, आणि हिमोग्लोबिन साडेअकरापर्यंत चढलं होतं. पहिल्या दिवशी सरांनी फक्त चालायला लावलं. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता, मातीचा वास येत होता, आणि माझं सगळं लक्ष मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीकडे. मुलींचं स्वच्छतागृह. कुलूप लावलेलं. चावी शिपाईमामांकडे, मामा कधी ऑफिसात, कधी चहाच्या टपरीवर, कधी कुठेच नाहीत. पूर्वी मला या कुलपाचं काही वाटत नसे. आता त्या दाराचं अंतर मी प्रत्येक चौकोनापासून मोजून ठेवलं होतं. सगळ्यांत लांबच्या खांबापासून एकशे बारा पावलं, धावत. पहिल्या आठवड्यात मी मामांना दिवसातून तीन-तीनदा हाका मारल्या. बहुतेक वेळा नुसतीच भीती असायची, आत जाऊन काही व्हायचं नाही, पण भीतीला ते कळत नाही. दुसऱ्या सोमवारी मामा स्वतःच मैदानावर आले, सुतळीत ओवलेली चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याकडंच असू दे. मला कशाला हाका मारत बसतीस." बस्स. त्यांनी काही विचारलं नाही. मी ती चावी शॉर्ट्‌सच्या नाडीला बांधली. त्या दिवशी पहिल्यांदा मी दोन फेऱ्या कोपऱ्याकडे न बघता मारल्या.

मग ऑगस्टमध्ये कृष्णा शहरात शिरली. त्या महापुराबद्दल आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायची गरज नाही. आमच्या वसतिगृहातून सगळ्यांना आधीच घरी पाठवलं होतं. गावात पाणी नव्हतं, पण सांगलीला जाता येत नव्हतं आणि माझ्या गोळ्या तासगावच्या दुकानात मिळत नव्हत्या. स्टीलच्या डब्यात मी रोज रात्री त्या मोजायचे. चोवीस. वीस. मग कुणाला न विचारता निम्म्या केल्या, जे करू नये. लोकांची घरं पाण्यात होती, जनावरं गेली होती, टीव्हीवर बोटी दिसत होत्या, आणि मी डब्यातल्या गोळ्या मोजत होते याची लाज वाटायची. आई मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा फोनवर कुणाशी तरी खरं बोलली. मिरजेला जाणाऱ्या एका दुधाच्या गाडीवाल्याला तिने गोळीचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. "पोरीच्या आतड्याची आहे, नडलंय," म्हणाली. मी आतल्या खोलीतून ऐकलं. पाचव्या दिवशी पाकीट आलं. गावातली गुडघ्याची गोष्ट मात्र तिने मागे घेतली नाही ती नाहीच.

पूर ओसरल्यावर मैदानावर बोटभर गाळ बसला होता. तो खरवडून, वाळवून, परत पाणी मारून मैदान धरायला महिना गेला. मला तो महिना मिळाला हे आता कळतं. कारण मला सूर मारायची भीती वाटत होती. पळती जमत होती, हुलकावण्या जमत होत्या, पण खांबावर सूर म्हणजे अख्खं अंग पोटावर घ्यायचं. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं. तरी मन तयार होईना. आत ती सोललेली जागा आहे आणि मी तिच्यावर आपटणार, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. सरांनी ताज्या गाळाचा एक ढीग खांबाशी तसाच ठेवायला सांगितला होता. सगळ्या गेल्यावर एका संध्याकाळी मला म्हणाले, "मऊ आहे. मार." मी मारला. पोट आपटलं, नाकात चिखलाचा वास गेला, आणि काही झालं नाही. पडल्या पडल्या मी आतली चाहूल घेत राहिले, घरात चोर शिरलाय की काय हे ऐकावं तसं. काही नाही. मग अजून अकरा मारले. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे सोललेले होते. वसतिगृहातली एक म्हणाली, "अगं, गुडघ्याला जप ना!"

त्या हंगामात आम्ही विद्यापीठाच्या स्पर्धेला गेलो. मुक्काम एका शाळेच्या वर्गखोल्यांत, बाकं एकावर एक रचून. चाळीसेक पोरींना दोन संडास, पाणी बादलीने. मी पहाटे साडेतीनला उठून जाऊन यायचे, परत साडेचारला, म्हणजे गर्दीच्या वेळी रांगेत उभं राहायला नको. सामन्याच्या दिवशी सकाळपासून एक केळं आणि मीठ-साखरेचं पाणी. पिशवीत काळी शॉर्ट्‌स दोन जादा. या सगळ्या तयारीला खेळाच्या कुठल्याच भाषेत नाव नाही, पण त्या दोन दिवसांतली माझी निम्मी ताकद तिच्यात गेली. पहिल्या डावात मी १ मिनिट ५५ सेकंद पळाले. वर्षभरानंतर. एक पोरगी माझ्या पाठीमागे सहा चौकोन पळाली आणि तिची बोटं माझ्या शर्टाला लागता लागता राहिली, तेव्हा जे वाटलं ते आठवायला मला अजूनही डोळे मिटावे लागतात. दुसऱ्या डावात १.४०. सरांच्या वहीत त्यापुढे लिहिलंय, 'रेषेबाहेर'. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. सगळ्या म्हणाल्या, वळताना गुडघा वळला असणार. मी लंगडत आले.

पुढे फार काही नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष मैदानाशिवाय संपलं. २०२१मध्ये आजार परत उठला, या वेळी जास्त दिवस. आता त्यासाठी आणखी एक गोळी आहे आणि दर तीन महिन्यांनी रक्ताचा तपास. लग्न झालं. नवऱ्याला मी तिसऱ्या भेटीत सांगितलं, चहाच्या कपात बघत. तो म्हणाला, "म्हणजे बाहेर जाताना आधी बाथरूम कुठंय ते बघायचं, एवढंच ना?" एवढंच नव्हतं, पण मी हो म्हणाले. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं तेव्हा आमच्या मैदानावरच्या पोरींनी रात्री फटाके वाजवले. मी तो सामना घरी बघितला. पोरी मॅटवर सूर मारत होत्या आणि मी आपलं बघत होते, यांच्यातल्या कुणाच्या शॉर्ट्‌सच्या नाडीला चावी असेल का.

तर ती निळ्या पट्टीची मुलगी. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. ती त्याच खांबाशी बसली होती, पट्टी सोडून परत बांधत. मी म्हणाले, "अगं, तो माझा गुडघा नव्हता." ती बघत राहिली. मग मी सांगितलं. जेवढं इथे लिहिलंय त्याच्या पावपटच, पण आतडं म्हणाले, रक्त म्हणाले, संडास म्हणाले. म्हणताना आवाज आपोआप खाली गेला, तो मी परत वर आणला. ती पट्टीचा गुंडाळा हातात धरून ऐकत होती. तिला कीव आली नाही, किळसही दिसली नाही. थोडा वेळ विचार करून तिने खेळाडू विचारेल तोच प्रश्न विचारला.

"आणि पळतीत असताना आली तर?"

"तर दोन्ही पाय रेषेबाहेर टाकायचे. एक बाहेर असून चालत नाही, पंच बाद देत नाहीत. दोन्ही. आणि मग थांबायचं नाही, तसंच पळत सुटायचं."

"म्हणजे एक गुण गेला."

"गेला."

तिने मैदानाच्या रेषेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही कधी टाकले?"

"एकदा," मी म्हणाले. "एक मिनिट चाळीस सेकंदांवर."